दात्याच्या तळापर्यंत

वस्तऱ्याला दाता पडला की तो भरून काढता येत नाही. उरलेली सगळी धार घासून त्या दात्याच्या तळापर्यंत खाली आणायची, एवढाच इलाज. म्हणजे चांगलं पोलाद खर्ची घालायचं. म्हणून शिरूरच्या (जुन्या माणसांच्या घोडनदीच्या) त्या वयस्कर कारागीर बाबांनी आधी दगड काढलाच नाही. पातं उजेडाकडे धरून ते बराच वेळ पाहत राहिले.

वस्तरा दौंडचा, आमच्या रेल्वेवाल्या आजोबांचा. झोलिंगनचं पोलाद, शिंगाची मूठ. मनमाडची लाइन 1878 साली सुरू झाली, तेव्हापासून दौंडचं घड्याळ गाडीवर चालतं. आजोबांची दाढीही तशीच चालायची.

बाबांनी अंगठ्याचं नख ओलं केलं आणि जरासुद्धा दाब न देता धार त्यावरून ओढली. सलग धार सरकते, दाता आला की अडखळते. डोळ्यांना दोन दाते दिसले होते, नखाला तिसरा लागला. चीर मात्र नव्हती. चीर असती तर त्यांनी वस्तरा परतच दिला असता, कारण घासावं तशी ती वर चढत जाते.

वस्तऱ्याची खरी हुशारी त्याच्या पाठीत. पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार एकदम टेकतात, कोन आपोआप ठरतो. विळी-सुरीला ही सोय नाही. पण धारेबरोबर पाठही झिजते, आणि इथं तर पुष्कळ घासायचं होतं. बाबांनी पाठीवर वायरमनची काळी टेप चिकटवली, दगडावर पाणी शिंपडलं आणि धार पुढे ठेवून बुडापासून टोकाकडे तिरपी ओढ सुरू केली. पलटताना पातं पाठीवरच फिरायचं. थोड्याच वेळात दगडावर करडा गाळ जमला.

“मशीनवर लवकर होईल ना?” मी विचारलं.

“पानी उतरंल,” ते म्हणाले.

कागदासारखी पातळ धार कोरड्या चाकावर क्षणात तापते, पोलाद नरम पडतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही.

आता बाजारातल्या दगडांवर 1000, 4000, 8000 असे आकडे असतात. आकडा मोठा तितका कण बारीक. बाबांच्या दगडांवर आकडे नव्हते, बोट फिरवून ते दगड निवडत होते. शेवटी चामोटं. त्यावर पाठ पुढे, धार मागे. उलटं केलं तर चामडंच कापलं जाईल.

मधले दोन दाते गेले. बुडाजवळचा खोल दाता त्यांनी राहू दिला, फक्त त्याच्या कडा बोथट केल्या. दाढीत बूड गालाला क्वचितच लागतं. त्याच्यासाठी अख्खं पातं अरुंद कशाला करायचं? मला हा निर्णय सगळ्या घासण्यापेक्षा अवघड वाटला.

एड्सच्या धास्तीनं सलूनमध्ये अर्धं ब्लेड आलं. ते योग्यच झालं. दर गिऱ्हाइकाला नवं पातं मिळतं, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. मात्र धार लावायला दुकानात काही उरलं नाही. बाबांकडे आता कात्र्याच येतात. पैसे विचारले तर ते थोडे अडले. कात्रीचा दर ठरलेला होता, वस्तऱ्याचा दरच नव्हता. कात्रीचाच घेतला, आणि पात्याला खोबरेल लावून ठेवायला सांगितलं.