ताजवरचे तिकीट कोणाच्या गौरवासाठी?

१६ डिसेंबर २०२८ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलला १२५ वर्षे पूर्ण होतील. समुद्राकाठच्या या वास्तूसाठी टपाल खात्याने त्या दिवशी स्मारक तिकीट काढावे का? रोजच्या वापराची तिकिटे मागणीप्रमाणे पुन्हा पुन्हा छापली जातात. स्मारक तिकीट मर्यादित संख्येने एकदाच निघते. म्हणूनच ते देशाने केलेली निवड ठरते आणि त्या निवडीमागचे कारण नागरिकांना पटावे लागते. ताजच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे, मात्र तिकिटाने हॉटेलचा थाट मिरवण्याऐवजी शहराचा इतिहास सांगितला पाहिजे.

याच किनाऱ्याचे चित्र तिकिटावर पूर्वीही आले आहे. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ साली निघालेल्या मालिकेत अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया होता. ती कमान १९२४ साली खुली झाली. तिच्या शेजारचे ताज १९०३ पासून उभे होते. सम्राटाच्या स्वागताची खूण म्हणून बांधलेल्या त्याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी मायदेशी निघाली आणि तिचा अर्थ पालटला. वास्तूचे मोल तिच्या मालकाच्या हेतूपाशी थांबत नाही. तिथे पुढे काय घडले त्यावरही ते ठरते. ताजलाही हीच कसोटी लावायला हवी.

पहिला आक्षेप असा, की हॉटेल हा धंदा आहे आणि सरकारी तिकिटाने त्याची फुकट जाहिरात होते. सरकारी तिकिटावरून व्यापारी उपक्रमांची जाहिरात होऊ नये, ही सावधगिरी रास्त आहे. आपल्याकडे मात्र १९५८ साली पोलाद उद्योगाच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या तिकिटावर जमशेटजी टाटा आणि पोलादाचा कारखाना दोन्ही होते. देशाच्या औद्योगिक उभारणीची नोंद म्हणून ते आजही योग्य वाटते. खासगी मालकी एवढ्याच कारणाने एखादा विषय बाद होऊ नये. ज्या कंपनीला केवळ स्वतःचा सोहळा साजरा करायचा असेल, तिच्यासाठी पैसे भरून छापून घेता येणारी ‘माय स्टॅम्प’ योजना आहेच. विकत घेतलेली ती सोय आणि देशाने केलेला गौरव यांची गल्लत होता कामा नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या दारातून बहुसंख्य मुंबईकर कधी आत गेलेच नाहीत, त्याचा गौरव सर्वांच्या वतीने का करायचा? याचे उत्तर इमारतीच्या इतिहासातच आहे. तिचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुविशारदांचा. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचे रुग्णालय चालले. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पाहुण्यांना वाचवताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी प्राण दिले, मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथेच लढताना शहीद झाले. कष्ट, सेवा आणि बलिदान यांचा हा वारसा कोणत्याही खोलीच्या भाड्यात मोजता येत नाही. तो साऱ्या शहराचा आहे.

म्हणून २०२८ च्या तिकिटावर घुमट आणि समुद्र यांचे आणखी एक देखणे दृश्य पुरेसे नाही. त्यावर वैद्य आणि मिर्झा यांची नावे असावीत, युद्धकाळातल्या रुग्णालयाचा प्रसंग असावा, आणि सोबतच्या माहितीपत्रकात २००८ साली प्राण गमावलेल्या कर्मचाऱ्यांची नोंद असावी. कंपनीचे बोधचिन्ह मात्र कुठेही नको. तिकिटाचा प्रस्ताव कोणताही नागरिक टपाल खात्याकडे पाठवू शकतो. मुंबईच्या इतिहासाचे अभ्यासक आणि तिकीटसंग्राहक यांनी एकत्र येऊन, कंपनीची वाट न पाहता, तो आत्ताच पाठवावा.