जुन्या गोव्याची कलासंपदा

गोव्यास जाणारे बहुतेक प्रवासी समुद्रकिनारे पाहतात, वाटेत जुन्या गोव्याला तासभर थांबतात आणि ‘चर्च पाहिली’ असे म्हणून परततात. वास्तविक पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर असलेली ही उजाड राजधानी म्हणजे एक विस्तीर्ण कलादालनच आहे. तेथील चर्च व मठ १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. अहिवाऱ्याहून येणारे कुटुंब असो वा अलिबागहून येणारे, त्याने या स्थळासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा आणि जाणकार मार्गदर्शक सोबत घ्यावा.

प्रारंभ बाँ जेझुस बासिलिकेपासून करावा. १५९४ मध्ये आरंभलेल्या आणि १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. अवशेषांची रुप्याची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर विराजमान आहे, तो फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडविला. टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोची ही भेट १६९८ मध्ये येथे बसविण्यात आली. रुप्याची पेटी मात्र त्याहून जुनी आहे. संताच्या जीवनातील प्रसंग कोरलेली ही पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातील कारागिरांनीच घडविली. खाली इटली आणि वर गोवा, असा हा योग आहे.

समोरच से कॅथेड्रल आहे. १५६२ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १६१९ मध्ये संपले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग आज एकांगी भासतो. शेजारच्या संत फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या जमिनीवर कोरीव थडगी आहेत. त्यांवरील कुलचिन्हे पाहावीत व पाऊल जपून टाकावे. याच चर्चच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

दुपारचा वेळ सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयासाठी ठेवावा. हे संग्रहालय १९९४ मध्ये राशोल येथील गुरुविद्यालयात उघडले, २००२ मध्ये सांता मोनिकेत आले आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. येथील पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे रुप्याचे पूजापात्र मुलांना अवश्य दाखवावे. स्वतःच्या छातीचे रक्त पाजून पिलांना जगविणारा पक्षी, ही ख्रिस्ताच्या आत्मत्यागाची जुनी प्रतिमा होय.

हस्तिदंती मूर्ती पाहताना थोडे थांबावे. गोव्यात घडलेल्या अशा मूर्तींत, मेंढपाळाच्या वेषातील बाळ येशू डोंगरासारख्या चढत्या बैठकीवर शांतपणे डोळे मिटून बसलेला दिसतो. ध्यानस्थ मूर्ती घडविण्याची आपली परंपरा पाहणाऱ्यास सहज आठवते. अन्यधर्मीय कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेण्यास धर्मसत्तेने सोळाव्या शतकात मनाई केली होती. तरीही या कलेवर देशी हातांचा ठसा उमटलाच. हा इतिहास केवळ सौंदर्याचा नव्हे. याच काळात गोव्यातील अनेक देवळे पाडली गेली, आणि १५६० मध्ये आलेले धर्मन्यायालय १८१२ पर्यंत टिकले. चांगला मार्गदर्शक दोन्ही गोष्टी सांगतो, आणि त्या मुलांनीही ऐकाव्यात.

मराठी वाचकास राशोलचे नाव आणखी एका कारणाने जवळचे वाटेल. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने सुमारे अकरा हजार ओव्यांत मराठी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोललाच छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ही परंपरा पुढेही चालू राहिली. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेऊन मरीयेला साडी नेसविली. त्याबद्दल स्वकीयांची टीका सोसून ते पुण्यात आश्रमवासी झाले. १९६७ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

जे पाहिले ते टिकणार का, हा प्रश्न परतताना मनात यावा. बासिलिकेच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. त्यांवरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, काढण्यात आला. तेव्हापासून उघडा दगड दर पावसाळ्यात झिजत आहे. गिलावा पुन्हा चढवावा, असे काही वास्तुतज्ज्ञ सांगतात. लोकांना मात्र तांबूस भिंतीचेच रूप ओळखीचे झाले आहे. प्रवाशाने एवढे तरी करावे: भिंतीस हात लावू नये, नाव कोरू नये, प्रार्थनेच्या वेळी मौन पाळावे आणि संग्रहालयाचे तिकीट आनंदाने काढावे. ज्या कारागिरांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत, त्यांचे ऋण फेडण्याचा हाच सोपा मार्ग आहे.