सर्राचा कर्ता शोधणारा वेल्श पशुवैद्य

पशुवैद्यकीच्या अभ्यासात ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ हे नाव मी घोकून पाठ केले होते. त्यातला इव्हान्स कोण, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. परीक्षेत कुणी विचारतही नाही.

ग्रिफिथ इव्हान्स याचा जन्म १८३५ साली वेल्समधील टाविन या गावाजवळचा. लंडनमध्ये पशुवैद्यकी शिकून तो १८६० मध्ये तोफखान्यात दाखल झाला. पुढच्याच वर्षी त्याची बदली कॅनडात झाली. तिथे घोड्यांची देखभाल करता करता त्याने मॅक्गिल विद्यापीठाची माणसांच्या डॉक्टरकीची पदवीही घेतली. १८६४ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध पाहायला तो गेला आणि खुद्द लिंकन यांना भेटून आला. हा गृहस्थ नुसता नालबंदांवर देखरेख करणारा नव्हता, हे इथेच ध्यानात येते.

१८७७ मध्ये तो हिंदुस्थानात आला. दुसऱ्या अफगाण युद्धाचा तो काळ. डेरा इस्माईल खान भागात लष्कराचे घोडे आणि उंट ‘सर्रा’ने मरत होते. जनावर खाते-पिते, तरी सुकत जाते. ताप येतो-जातो, पाय व पोट सुजते, रक्त फिके पडते. उंट मेला की सैन्याची रसदच अडते, म्हणून सरकारला घाई होती. १८८० मध्ये इव्हान्सने आजारी घोड्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशींना धक्के देत वळवळणारे जीव त्याला दिसले. ते रक्त त्याने निरोगी जनावरांना टोचले. त्यांनाही तोच आजार झाला. स्थानिक लोक एका मोठ्या तपकिरी माशीला दोष देत, तेही त्याने टिपून ठेवले. रक्त पिणाऱ्या माश्या हा रोग पसरवतात, हे पुढे प्रयोगांनी ठरले.

वरिष्ठांना मात्र हे पटेना. टिमोथी लुईस या दुसऱ्या वेल्श डॉक्टरने कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते, आणि उंदीर तर धडधाकट होते. मग घोड्यात तेच रोगाचे कारण कसे? माझ्या मते आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण टोचलेल्या जनावरांचा पुरावा समोर असताना तो धरून बसणे, हा हट्ट होता.

आपला मुंबईचा धागा इथे जुळतो. १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील याला ब्रह्मदेशातील खेचरांत हाच जीव सापडला. त्याने तो स्पायरोकीट समजून त्याला इव्हान्सचे नाव दिले. जातकुळी चुकली, नाव टिकले. हाच स्टील १८८६ मध्ये मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला.

ब्रूसने आफ्रिकेत नागाना रोगाचा उलगडा केल्यावर इव्हान्सचे म्हणणे साऱ्यांना मान्य झाले. १९१७ मध्ये त्याला मेरी किंग्जली पदक मिळाले, तेव्हा तो ऐंशी ओलांडून गेला होता. शंभरी पुरी करून १९३५ मध्ये तो बँगरला वारला.

सर्रा माणसाला होत नाही, असे आम्ही शिकलो होतो. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हान्सचाच जीव सापडला. या परजीवीला मारणारे ‘एपोएल-१’ हे प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच काम करत नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.