बोटीवर पानी कोठून आनतात?

रात्री शेगावच्या फलाटावर विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहत आम्ही चौदा जण उभे होतो. मुंबई इथून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर. महिनाभर खामगावात आमच्या ओसरीवर क्रूझच्या शंकांची बैठक बसत होती, तिचं शेवटचं सत्र आता फलाटावर चाललं होतं. पासपोर्ट लागते काय? बोट लय हालते काय? आणि संग्रामपूर तालुक्यातल्या माझ्या मावशीचं पहिल्या दिवसापासून एकच टुमणं, "पन एवढ्या मानसाईले पानी कोठून आनतात?" सगळे हसायचे. खरं तर त्या बैठकीतला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

सोपे प्रश्न आधी उरकतो. मुंबई-गोवा-मुंबई किंवा लक्षद्वीप अशी देशातली फेरी असेल तर आधार कार्डावर काम भागतं. श्रीलंकेला जायचं तर पासपोर्ट हवाच. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. घरची भाकर-ठेचा मात्र सामानाच्या तपासणीतच अडतो, इस्त्रीही अडते. किनारा दूर गेला की मोबाईलची रेंज जाते आणि पुढचं वायफाय पैसे मोजून घ्यावं लागतं. जाहिरातीतला तिकिटाचा आकडा पाहून हुरळू नये. बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी धरून काय होतं ते आधी विचारावं. बाल्कनीची खोली घ्यावी का? माझं मत, दोन-तीन रात्रींसाठी नको. खोलीत थांबतं कोण?

आमच्या जिल्ह्याला समुद्र नवा, पण अगदीच अनोळखी नाही. विमानाची सोय सर्रास होण्याआधी देशभरातले हाजी मुंबईहून बोटीनेच जेद्दाहला जात. तो समुद्रमार्ग १९९५ मध्ये बंद झाला. म्हणजे मौजेसाठी नव्हे, पण खोल समुद्र ओलांडलेली माणसं आमच्या गावांतही होतीच.

मौजेची बोट अलीकडची. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' धावू लागली. हिचं मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. फ्रान्समधल्या सां-नाझेरच्या गोदीत १९९० साली बांधलेली. लांबी २११ मीटर. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान आडवा करून एकापुढे एक ठेवला तर सहा हनुमान मावतील, असं मी सांगितल्यावर कुठे ओसरीला अंदाज आला. तिचं 'टनेज' ४८ हजारांच्या घरात सांगतात, ते मात्र वजन नव्हे. ग्रॉस टनेज हे बोटीच्या आतल्या जागेचं माप असतं. आमच्या एका काकांनी त्यावरून पैज लावली आणि हरले.

बोट हलते का, याचं उत्तर खोली कुठे आहे त्यावर ठरतं. झोपाळ्याची टोकं जशी जास्त वर-खाली होतात तसं बोटीचं नाक आणि शेपूट हलतं. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली सगळ्यात स्थिर. पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात, ते डुलणं बरंच कमी करतात. मळमळ होते त्याचं कारण पोटात नसतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे खोलीच्या भिंतीकडे बघून म्हणतात स्थिर आहोत. मेंदू गोंधळतो. अशा वेळी डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसावं.

"अन् बुडली त?" हेही विचारलं गेलंच. टायटॅनिकनंतर १९१४ साली 'सोलास' हा सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यामुळे आज लाइफबोटींचा हिशेब माणसांच्या संख्येवर असतो. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची कवायत व्हायचीच होती. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की ठरलेल्या जागी जमायचं, एवढं ध्यानात ठेवावं. फोटो काढण्याच्या नादात ती कवायत चुकवू नये.

आता मावशीचा प्रश्न. तिचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. विहीर खारी, बोअर खारं. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजारांनी गावंच्या गावं गांजली. अशा बाईला चहूकडे खारं पाणी दिसलं की तिला दुसरं काय सुचणार?

बंदरात टाक्या भरून घेतात हे खरं, पण मोठ्या बोटी समुद्राचंच पाणी गोड करतात. एक लिटर समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. ते काढायचे मार्ग दोन. पहिला वाफेचा: इंजिन थंड करून तापलेल्या पाण्याची उष्णता फुकटात हाताशी असते; भांड्यातली हवा ओढून दाब कमी केला की समुद्राचं पाणी १०० ऐवजी ५० अंशांच्या आसपासच उकळतं, वाफ होते, मीठ मागे राहतं. दुसरा आपल्या गावच्या आरओचा, फक्त जोर अफाट. हवेच्या दाबाच्या ५०-६० पट दाबाने पाणी पडद्यातून ढकलतात. नंतर त्यात थोडे क्षार आणि क्लोरीन घालतात. हे सगळं खोल समुद्रात चालतं, कारण बंदराजवळचं पाणी घाण असतं. आणि काटकसर बघा: संडास पाण्याने नव्हे, हवेच्या ओढीने साफ होतो. एका वेळी जेमतेम लिटरभर पाणी. बटण दाबल्यावर असा काही फुस्स आवाज होतो की मावशी पहिल्यांदा कडी काढून बाहेरच आली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी तिला हे सगळं समजावलं. तिने ग्लास उचलला, घोट तोंडात घोळवला.

"गोड हाये," ती म्हणाली. "पन अळनी लागते, बाप्पा."

आणि ग्लासातलं उरलेलं पाणी तिने पिशवीतल्या बाटलीत ओतून घेतलं.