आडनावातील गाव

पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंमध्येही आढळतात. आजच्या रायगड जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

पेणमध्ये सारेच पेणकर! गाव सोडल्यावरच ‘कर’ ही खूण ठरते. पुढे या समाजातील अनेक कुटुंबे मुंबई-ठाण्यास आली. ठाण्यातील त्यांचे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले.

विद्यार्थिमित्रांनो, नकाशावर आडनावातील गाव आणि आजचे घर सरळ रेघेने जोडा. पदार्थविज्ञानाच्या भाषेत हे झाले विस्थापन. प्रत्यक्ष मार्ग त्यातून कळत नाही. तुमच्याही ‘कर’ आडनावाची अशी रेघ काढा आणि मधली वाट आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा.