कवितेत बोलतंय कोण?

दोस्तांनो, कवितेचा पेपर म्हटला की पोटात गोळा येतो ना? इंग्लंडमधल्या मुलांचंही तेच होतं बरं का! तिथं पंधरा-सोळाव्या वर्षी 'जीसीएसई' ही परीक्षा असते. एका मोठ्या परीक्षा मंडळाने 'सत्ता आणि संघर्ष' या विषयावर पंधरा कवितांचा संच नेमला आणि २०१७ मध्ये त्यावर पहिली परीक्षा झाली. प्रश्न असा, की एक कविता छापून देतात आणि तिची तुलना संचातल्या दुसऱ्या कवितेशी करायला सांगतात. दुसरी कविता मात्र डोक्यात हवी, पुस्तक जवळ नाही!

या संचातल्या दोन कविता राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या (१८३७ ते १९०१) आहेत. त्यांचाच अभ्यास कसा करायचा ते पाहू.

पहिली, रॉबर्ट ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस'. हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट कवितेत सांगणारा कवी तो हाच. इटलीतला एक ड्यूक पाहुण्याला आपल्या वारलेल्या पत्नीचं चित्र दाखवतोय. ती सगळ्यांशी हसून बोलायची, हेच त्याला खुपायचं. मग त्याने हुकूम दिला. कसला? ते तो सांगत नाही, पण आपल्या अंगावर काटा येतो.

आता गंमत पाहा. कवितेत 'मी' आला की 'कवी आपल्या पत्नीबद्दल सांगतो' असं लिहायचा मोह होतो. पण कविता छापली गेली १८४२ मध्ये आणि ब्राउनिंगचं लग्न झालं १८४६ मध्ये! म्हणजे हा 'मी' ड्यूक आहे, कवी नव्हे. एकच पात्र बोलतं, समोरचा गप्प ऐकतो. अशा कवितेला 'ड्रॅमॅटिक मोनोलॉग' म्हणतात. हे कळलं की अर्धी लढाई जिंकलीच.

दुसरी, टेनिसनची 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियन युद्धात, बालाक्लाव्हा इथं, एका हुकुमाचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि सहाशेहून जास्त ब्रिटिश घोडेस्वार थेट रशियन तोफांवर चालून गेले. टेनिसन तेव्हा राजकवी होता. वर्तमानपत्रातली हकिकत वाचून त्याने कविता लिहिली आणि डिसेंबरमध्ये ती छापूनही आली. मोठ्याने वाचा, घोड्यांच्या टापा ऐकू येतील! इथं बोलणारा बाहेरून पाहतोय, सैनिकांचं कौतुक करतोय. चूक झाली असं तो म्हणतो, पण कोणाची ते सांगत नाही.

मग तुलना कशी करायची? दोन्हीकडे 'हुकूम' आहे! एकीकडे हुकूम देणारा स्वतः बोलतो आणि आपण त्याला ओळखून असतो. दुसरीकडे हुकूम पाळणारे पुढे जातात आणि हुकूम देणारा दिसतच नाही. झालं की उत्तर सुरू!

प्रत्येक कवितेसाठी वहीत तीन प्रश्न लिहा:
१) कोण बोलतंय?
२) कोणाशी बोलतंय?
३) काय सांगायचं टाळतंय?

प्रत्येक उत्तरापुढे कवितेतले दोन-तीनच शब्द पुरावा म्हणून लिहा आणि तेवढेच पाठ करा. सनावळीची यादी पाठ करण्यापेक्षा एखादंच साल अर्थाशी जोडा, वर आपण १८४२ जोडलं तसं.

आणि आई-बाबा, तुम्हाला इंग्रजी कविता येत नसली तरी हरकत नाही. मुलाला म्हणा, "त्या ड्यूकची गोष्ट मला मराठीत सांग." सांगताना तो जिथं अडखळेल, तिथंच त्याला अभ्यासाची गरज आहे.

चला तर, आज कोणतीही एक कविता मोठ्याने वाचा आणि पहिला प्रश्न विचारा. कोण बोलतंय बरं?