इन्सुलिनची बाटली आणि ओला चमचा

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे मराठी घरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत राहायला गेलेली कुटुंबेही ही शिस्त बरोबर घेऊन जातात. पण त्याच घरातल्या फ्रिजमध्ये आजोबांची इन्सुलिनची बाटली असली, तर तिच्यात कालचीच सुई पुन्हा खुपसली जाते!

इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे ते उकळून निर्जंतुक करता येत नाही, औषधच नासते. म्हणून कारखान्यात ते अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून, गाळलेल्या हवेच्या खोलीत भरतात. घरी ते पुन्हा साधणे नाही. आहे ते जपायचे, एवढेच आपल्या हाती.

बाटलीवरची प्लॅस्टिकची टोपी एकदा निघाली की परत बसत नाही, याची पुष्कळांना चुटपुट लागते. कुणी वर चिकटपट्टी लावतात. त्याची गरज नाही. टोपी धुळीपुरतीच असते. खरी राखण करते ते खालचे रबरी बूच. सुई बाहेर आली की त्याचे छिद्र मिटते. हे बूच कधीही काढायचे नाही, मात्र दर वेळी, अगदी नव्या बाटलीचेही, स्पिरिटच्या कापसाने पुसायचे आणि आपोआप वाळू द्यायचे. घाईने फुंकर घातली, की तोंडातले जंतू नेमके पुसलेल्या जागी जातात. कापसाचे बोळे स्पिरिटच्या डबीत दिवसेंदिवस भिजत ठेवण्याची पद्धतही चुकीची; त्या डबीतही जंतू शिरतात. बोळा त्या वेळीच भिजवावा. हात आधी साबणाने धुवावेत. सिरिंज व सुई दर वेळी नवी. जितके युनिट औषध काढायचे, तितकी हवा आधी बाटलीत सोडली की औषध सहज निघते.

खरी अडचण काटकसरीची. बहुतेक इन्सुलिनची बाटली एकदा वापरायला काढली की सुमारे 28 दिवस चालते. नेमकी मुदत सोबतच्या कागदावर असते. दहा मिलिलिटरच्या, 40 युनिटवाल्या बाटलीत 400 युनिट असतात. रोज दहा युनिट लागणाऱ्याचे 28 दिवसांत 280 संपतात. उरलेले 120 टाकताना जीव कळवळतो, आणि मग ते नव्या बाटलीत मिसळण्याचा मोह होतो. तसे केले की जुन्या बाटलीतला दोष नवीत उतरतो. औषधात जंतुरोधक असते खरे, पण ते विषाणूंना आवरत नाही. म्हणून घरात दोघांना मधुमेह असेल तर बाटल्याही दोन हव्यात. वापर सुरू केल्याची तारीख बाटलीवर पहिल्याच दिवशी लिहावी. महिन्याने ती कुणालाच आठवत नाही.

दिल्लीच्या मे-जूनमध्ये बाटली फ्रिजमध्येच बरी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. नितळ औषध गढूळ दिसले तर तेही टाकावे. मात्र दूषित औषध दर वेळी गढूळ दिसतेच असे नाही.

वापरलेल्या सुईवर टोपण घालून देताना दुसऱ्याचे बोट टोचते. ती तशीच जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावी. कचऱ्याच्या पिशवीतून ती सकाळी कचरा नेणाऱ्याच्या हाताला लागते.